पोहणारा नारळ आणि त्याचा कुलवृत्तांत

श्रोतेहो, नमस्कार.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ अर्पण करतो. त्यातले बरेच पुढच्या भरतीला परत काठावर येतात आणि पोरांच्या हाती लागतात. पण समजा, सोडणासकट टाकलेला एखादा सुटला. त्या जाड सोडणाच्या जोरावर तो कित्येक आठवडे तरंगेल, आणि एखाद्या ओसाड बेटाच्या वाळूत रुजेलसुद्धा.

संशोधकांची पंचाईत इथेच होते. बेटावर फणस दिसला, तर तो माणसानेच आणला हे उघड आहे. आठळी काही समुद्र ओलांडत नाही. माड दिसला तर? तो आपणहून आला की होडीत बसून आला? झाडाकडे कितीही बघा, उत्तर मिळत नाही.

मग त्याचा कुलवृत्तांत काढावा लागतो. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापतात ना, मूळ गाव कुठलं, कोणती शाखा कुठे गेली, तसाच. फक्त माडाचा तो पानातल्या डीएनएमध्ये असतो. डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, पेटी शिकणाऱ्या मुलाने सा-रे, सा-रे घोकावं तसा. एका माडात बारा वेळा, दुसऱ्यात पंधरा वेळा. हा आकडा आईबापांकडून पोरांकडे जातो आणि क्वचितच बदलतो. अशा काही जागा मोजल्या की कोण कुणाचा भाऊबंद ते उमगतं.

बी गन, ल्यूक बोदुएँ आणि केनेथ ऑल्सन या संशोधकांनी जगभरातल्या १,३२२ माडांवर हे काम केलं आणि २०११ साली ते प्रसिद्ध झालं. निघाली ती सरळ दोन घराणी. एक हिंदी महासागराचं: दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीव, लक्षद्वीप. दुसरं पॅसिफिकचं, आग्नेय आशियातल्या बेटांकडचं. म्हणजे माणसाने नारळ आपलासा केला तो एकदा नव्हे, दोन वेगळ्या ठिकाणी. परसात हाताला येईल इतक्या उंचीवर धरणारे ठेंगू माड मुळात त्या दुसऱ्या घराण्यातले. आपला उंच बाणवली पहिल्यातला.

आता खरी गंमत. आफ्रिकेजवळच्या मादागास्कर आणि कोमोरो बेटांवरच्या माडांत दोन्ही घराण्यांचं रक्त मिसळलेलं सापडलं. पॅसिफिकचं घराणं इतक्या पश्चिमेला आलं कसं? लाटांनी आणलं म्हणावं, तर उत्तरेला सेशेल्सवरही त्याची खूण दिसायला हवी होती. तिथे ती मिळाली नाही. सेशेल्स जुन्या जलमार्गाच्या बाहेर पडतं. मादागास्कर आणि कोमोरो त्या मार्गावर. या मार्गाने आले होते ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे आग्नेय आशियातल्या बेटांवरचे दर्यावर्दी, उलांडीच्या, म्हणजे बाजूला तरंगता ओंडका बांधलेल्या होड्या घेऊन, बोर्निओच्या बाजूने, सुमारे सात हजार किलोमीटर. मादागास्करची मलागासी भाषा आजही बोर्निओतल्या भाषांच्या नात्यातली आहे. पॅसिफिकमधल्या कितीतरी बेटांवर नारळाला म्हणतात ‘निऊ’. मलागासीत ‘व्हुआनिऊ’, म्हणजे निऊचं फळ. मला स्वतःला डीएनएच्या आलेखांपेक्षा हा एक शब्द अधिक पटतो. अर्थात शब्द उसना घेता येतो. माडाच्या पेशीतले आकडे उसने घेता येत नाहीत, म्हणून त्यांची साक्ष जड.

आणखी एक प्रवास आपल्या किनाऱ्यांशी जोडलेला आहे. पश्चिम आफ्रिका, ब्राझील, कॅरिबियन बेटं इथले माड हिंदी महासागराच्या घराण्यातले निघाले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून हा नारळ अटलांटिकमध्ये नेला पोर्तुगीजांनी. कॅरिबियनच्या चित्रांत वाळूवर झुकलेला जो माड दिसतो, तो आपल्या माडाचा चुलतभाऊ आहे. तिकडे पाचशे वर्षांपूर्वी तो नव्हताच.

थोडेच नारळ गेले, त्यांचीच संतती पसरली, म्हणजे सगळे माड जवळपास एकसारखे, आणि त्याची किंमत मोजावी लागली. विसाव्या शतकात जमैकात माड पिवळे पडून मरायला लागले. पोयी, म्हणजे फुलोरे, काळ्या पडायच्या, कोवळी फळं गळायची, शेवटी शेंडा झडून नुसता खांब उभा राहायचा. लाखो उंच माड गेले. तेव्हा मलायातला ठेंगू आणि पनामाचा उंच, दोन्ही पॅसिफिक घराण्यातले, यांचा संकर करून ‘मेपॅन’ नावाची रोपं लावली. काही वर्षं ती टिकली. पुढे रोग पुन्हा उसळला आणि त्यातलीही पुष्कळ गेली. तिथले बागायतदार अजून रोगाला दाद न देणारा माड शोधताहेत.

नमस्कार.