ओहोटीची वेळ लिहा

(फोंडा येथील व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. या दोन बाटल्या आधी हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. एकीच्या तळाशी गडद तपकिरी साका आहे, दुसरीत जवळजवळ पांढरा. दोन्हींत मी तीच दोन रसायनं घातली: मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड मिसळलेला अल्क. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो. तपकिरी बाटली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाहत्या ओहोळाची, पांढरी खारफुटीतल्या कुजक्या डबक्याची.

ही रसायनं काठावर, तिथल्या तिथे घालावी लागतात. बाटली तशीच घरी आणली, तर आतले सूक्ष्म जीव वाटेत श्वास घेत राहतात आणि आपण मोजतो ते दुसरंच पाणी. प्रयोगशाळेत सगळं होतं, पाण्यात कशाला उतरायचं, असं मुलं विचारतात तेव्हा मी त्यांच्या हातात ही बाटली देतो.

आपली म्हादई सत्तरीत गोडी, तीच पुढे मांडवी होऊन समुद्राला मिळते. वरच्या ओहोळात जानेवारीत गुडघाभर पाण्यातला एक दगड हलकेच उलटा. खालच्या बाजूला चपट्या अळ्या चिकटलेल्या दिसतील, शेपटीला दोन किंवा तीन लांब केस, पोटाच्या दोन्ही अंगांना पानांसारखे कल्ले. या मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या. पाणी संथ झालं की त्यातल्या काहींचे कल्ले भराभर हलू लागतात, अंगाभोवती स्वतःच प्रवाह तयार करतात. पांढऱ्या बाटलीतल्या पाण्यात यांतली एकही सापडायची नाही. पाहून झालं की दगड होता तसा, त्याच कुशीवर ठेवायचा. हे मी फार कळकळीने सांगतो, कारण उलटा सोडलेला दगड म्हणजे कुणाचं तरी उघडं पडलेलं घर.

आता खाली, नदीच्या तोंडाकडे या. इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. शिकत असताना जुलैत मी होडीतून दोरीने बादली सोडून पाणी घेतलं. क्षारता जवळजवळ नाहीच. त्याच जागी तळाच्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे आपण खातो ते शिंपल्यातले जीव, जिवंत मिळाल्या. मी वहीत लिहून टाकलं की तिसऱ्या गोड्या पाण्यात राहतात. आमच्या सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, “तळाचं पाणी घेतलंस?” घेतलं नव्हतं. पावसाळ्यात नदीचं हलकं गोडं पाणी वर पसरतं आणि समुद्राचं जड खारं पाणी त्याच्या खालून आत शिरतं. होडीतल्या मला जे पाणी दिसत होतं, ते तिसरीच्या वाट्याला आलेलंच नव्हतं. आणखी वाईट म्हणजे पाणी भरतीचं की ओहोटीचं, तेही मी लिहिलं नव्हतं. ती पानं आजही निरुपयोगी आहेत.

म्हणून माझा आग्रह हा, की जिवाचं नाव मागाहून कळलं तरी चालेल. पण तारीख, ओहोटीची वेळ, खोली आणि क्षारता त्याच क्षणी लिहा. शिंपलं वर्षानुवर्षं कपाटात राहील, ते पाणी सहा तासांत बदललेलं असेल.

पणजीजवळ दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, खोल समुद्रात जायला जहाजं आहेत. पण ओहोटीला उघडा पडणारा पट्टा पायांनीच गाठावा लागतो. हणजुणेच्या खडकांवर आम्ही अर्ध्या मीटरची चौकट ठेवतो आणि आतलं सगळं मोजतो. वर, जिथे जेमतेम शिंतोडे पोहोचतात, तिथे बारक्या गोगलगायी. खाली खडकाला सिमेंटसारखी चिकटलेली बार्नेकल्स, म्हणजे कवचातली बारकी जनावरं, आणि कालवं. अगदी पाण्यालगत शेवाळ आणि फुलांसारखे पसरलेले मऊ जीव. चौकट रिकामी आली तर शून्य लिहायचं. मुलांना शून्य लिहायला जिवावर येतं, ती चौकट दोन हात सरकवून ‘काहीतरी असेल’ तिथे ठेवतात. मग पाच वर्षांनी तिथे खरंच काही नाहीसं झालं, तर ते कळणार कसं?

आणि खाडीकाठच्या बायांशी बोला. तिसऱ्या कुठे रेती बदलल्यावर कमी झाल्या, हे त्यांच्या पायांना ठाऊक असतं. खाजनाच्या, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीच्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) बसणाऱ्याला कोणत्या भरतीला कोणती मासळी आत येते हे तोंडपाठ असतं. त्यांचं सांगणं वहीत स्वतंत्र रकान्यात, त्यांच्याच शब्दांत लिहा. एखाद्या माशाला काळुंदर म्हणाले तर काळुंदरच लिहा, शास्त्रीय नाव शेजारी येऊ दे.

परवा अमावास्या आहे, ओहोटी मोठी लागेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी नावं द्या. पायात पकड असलेले बूट हवेत, वही आणि पेन्सिल हवी. शाई खाऱ्या पाण्यात पसरते. भरती-ओहोटीच्या तक्त्यात दिलेल्या ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी खडकांवर पोहोचायचं आहे, आणि पाणी फिरलं की लगेच वर यायचं.