मोत्याच्या भाकरीवरचा रस्सा

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. गाई-म्हशींच्या खुराकाबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे ते रात्री जागलीला तुमच्यासोबत येणाऱ्या कुत्र्याच्या खाण्याबद्दल.

कुत्र्याला चॉकलेट देऊ नये, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. खरंच आहे ते. पण आपल्या खेड्यातल्या किती कुत्र्यांच्या वाट्याला चॉकलेट येतं? त्यांच्या वाट्याला येतो उरलेला रस्सा. आणि रश्शात असतो कांदा, असतो लसूण. म्हणून आधी कांद्याचंच सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी दवाखान्यासमोर बंडी येऊन थांबली. एक आजी आणि तिचा नातू खाली उतरले. बंडीत पोत्यावर निजलेला मोत्या. चांगला पंधरा-सोळा किलोचा गावठी कुत्रा, पण मान उचलायला तयार नाही.

आजी म्हणाली, “डाक्टरसायेब, माह्या मोत्याले कावीळ झाली जी. मुतते तं लाल मुतते.”

नातू म्हणाला, “रातच्याले डुकरं सोयाबीनमंदी शिरले, तरी हा जागचा उठला नाही.”

इथं एक सांगू द्या. हजारो रुपये मोजून आणलेली लांब केसांची विलायती कुत्री आपल्या वैशाखात धापा टाकत पडून राहतात. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक राखावं ते आपल्या गावठी कुत्र्यानंच. त्याची किंमत आपल्याला कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. असो.

मोत्याला खाली घेतलं. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढुरक्या. डोळ्यांत किंचित पिवळी झाक, श्वास भरभर. तेवढ्यात त्यानं तिथंच लघवी केली, ती कोऱ्या चहासारखी. पावसाळ्याचे दिवस, कानामागे दोन-चार गोचिड्या. अशा वेळी पहिला संशय येतो तो गोचीड तापाचा. त्यातही लघवी अशीच होते. कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त काचेवर घेतलं, रंगवलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. गोचीड तापाचा जंतू कुठंच दिसेना. पण तांबड्या पेशींच्या कडेला बारीक गाठीसारखा फुगवटा दिसत होता. एकीला नाही, बऱ्याच पेशींना. याला हाइन्झ बॉडी म्हणतात. हे दिसलं की विचारायचं, कुत्र्यानं खाल्लं काय?

विचारलं. आजीला राग आला. “म्या काय त्याले उपाशी ठेवीन? आमी खाल्लं थेच त्यानं खाल्लं!”

मग हळूहळू निघालं. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळी भावकी घरी जेवायला होती. मटणाला दोन किलो कांदा भाजून वाटला होता, लसूण वेगळाच. गंजाच्या बुडाशी दाट रस्सा उरला. तो आजीनं तीन दिवस भाकरी कुस्करून मोत्याला घातला. घशात अडकू नये म्हणून हाडं एकेक करून वेचून काढली होती. तिखट लागू नये म्हणून पाणी घातलं होतं. एवढ्या मायेनं खाऊ घातलं, आणि त्या भाकरीवरचा कांदाच त्याला बाधला.

होतं काय, ते ऐका. कांद्या-लसणात गंधकाचे काही घटक असतात. माणसाला ते पचतात. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र त्यांनी फुटू लागतात. पेशी फुटल्या की त्यांतलं रंगद्रव्य लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून लघवी लाल. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला तरी धोका असतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला पन्नास ग्रॅम, एक लहानसा कांदा. लसूण त्याहून जहाल. आणि लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. तोवर करीचं जेवण कोणाच्या ध्यानात राहतं?

पुन्हा सांगतो. कांदा कच्चा असो, भाजलेला असो, तळलेला असो, रश्शात विरघळलेला असो, कुत्र्याला तो वाईटच. शिजवल्यानं त्याचं विष जात नाही. आणि रोज थोडाथोडा दिला तरी तो बाधतो.

मोत्याला सलाईन लावलं, कांदा पूर्ण बंद केला, नवं रक्त तयार व्हायला वेळ दिला. रक्त फारच उतरलं असतं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागलं असतं. दसऱ्याच्या सुमारास नातू बाजारात भेटला. म्हणे, मोत्या जागलीला जातो, आणि “त्याचं मटन आता आंदी अलग शिजते.”

लग्नाच्या पंगतीमागेही असंच नको ते जनावरांच्या पोटात जातं. पूर्वी पळसाच्या पत्रावळी असायच्या, आता प्लास्टिकच्या ताटल्या. कुत्री, गाई त्या ताटल्यांसकट उष्टं गिळतात. पळस अजून आपल्या रानात उभा आहे, पत्रावळी लावणारे हातही आहेत. गावानं ठरवलं तर हे उद्या बदलेल.

आता बाकीचं. द्राक्षं, किसमिस, मनुका कधीच नाही. एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात, म्हणून शिऱ्यातला मनुकाही नको. चॉकलेट नको, जितकं काळं तितकं जास्त घातक. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असू शकतं, त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. शिजलेली हाडं नकोत, त्यांच्या कपच्या आतडं फाडतात. दारू तर थेंबभरही नको, गंमत म्हणूनसुद्धा नको. आणि माणसाच्या तापाची गोळी आपल्या मनानं देऊ नका.

मग द्यायचं काय? भाकरी द्या, भात द्या. वरण फोडणी देण्याआधी वाटीभर बाजूला काढा. मटण, अंडं मिठा-मसाल्याविना उकडून द्या. फोडणीआधी काढा, एवढं लक्षात ठेवा.

आणि कुत्र्यानं बाधणारं काही खाल्लंच असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टरकडे पोचलात तर उलटी करवून बरंच बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं दुसरंच संकट ओढवतं. दवाखाना लांब असेल तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो क्रमांक आहे. पुन्हा सांगतो, एक नऊ सहा दोन. आणि दवाखान्यात येताना, त्यानं काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं, हे ठाऊक असलेलं माणूस सोबत आणा. नमस्कार.