रंग आधी, टाका नंतर

नमस्कार श्रोतेहो.

कापडावर चित्र रंगवायचं आणि त्याच चित्रावर भरतकामही करायचं, असं काम हल्ली प्रदर्शनांत बरंच दिसतं. ते जमवायचं कसं, हा आजचा विषय. पण आधी चंब्याला जाऊ या, कारण ही जोडी तिथे फार पूर्वी जुळली आहे.

हिमाचलातलं चंबा. तिथला रुमाल म्हणजे खिशातला रुमाल नव्हे. लग्नातल्या भेटीच्या ताटावर किंवा देवापुढच्या नैवेद्यावर झाकायचा तो चौकोनी रुमाल. कापड मलमल किंवा खादीचं. अठराव्या शतकात राजा उमेदसिंहांच्या आश्रयाने ही कला बहरली. आता त्यातली गंमत ऐका. पहाडी शैलीत लघुचित्रं काढणारा चित्रकार कोळशाने थेट कापडावर रेखाटन करायचा: रासमंडळ, अष्टनायिका, गोधूळवेळी परतणाऱ्या गाई. कुठे कोणता रंग यावा, तेही तोच सुचवायचा. मग कापड बायकांच्या हाती जायचं आणि पीळ नसलेल्या रेशमाने ते चित्र भरलं जायचं. चित्रकाराची रेघ रेशमाखाली संपूर्ण झाकली जायची! एखाद्या जुन्या रुमालावर रेशीम झिजून गेलेलं असतं, तिथे ती काळी रेघ आजही डोकावते.

आणि टाका कोणता? दोरुखा. दोरुखा म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा. सुई पुढे जाते, मागे येते, आणि कापडाची सुलट-उलट बाजू एकदमच भरत जाते. गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांखालीच दडवायचं. रुमाल उलटा केला तरी तीच गाय, तोच कृष्ण.

कुरुक्षेत्राची लढाई भरलेलं असं एक चंब्याचं काम लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. राजा गोपाळसिंहांनी ते 1883 मध्ये ब्रिटिशांना भेट दिलं. देणाऱ्याचं नाव राहिलं. ज्यांनी एकेक टाका घातला त्या बायकांची नावं राहिली नाहीत. मला हे फार लागतं. म्हणूनच 2022 मध्ये चंब्याचे रुमाल भरणाऱ्या ललिता वकील यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मनापासून आनंद झाला. आणि विषय निघालाच आहे तर सांगते, शाळेतला शिवणाचा तास परत यायला हवा, मुलींसाठी आणि मुलांसाठीही. सुईत दोरा ओवता येणं ही काही मागासलेली गोष्ट नाही.

असो. चंब्यात रेघ झाकली जाते, आजच्या कामात रंग उघडा राहतो. म्हणून रंग आणि दोरा यांची कामं वाटून द्यावी लागतात. जास्वंद घ्या. पाच पाकळ्या रंगाने. पाकळीच्या शिरा दोऱ्याच्या एकाच पदराने, देठाच्या टाक्याने. मधला लांब दांडा आणि त्यावरचे पिवळे परागकण गाठीच्या टाक्याने. पाकळी रंगानेही भरली आणि दोऱ्यानेही भरली, तर खालचा रंग वाया गेला.

कापड पांढरं सुती घ्या, आणि धुऊन त्याची खळ काढा. खळ राहिली तर रंग धाग्यात मुरत नाही, वर बसतो आणि पुढे सोलतो. ॲक्रिलिक रंग दोन भाग, त्यात कापडासाठीचं मीडियम, म्हणजे रंग कापडावर मऊ राहावा म्हणून मिसळायचं द्रावण, एक भाग. थर पातळ हवा, पातळच हवा. एक जाड देण्यापेक्षा दोन पातळ द्या. नुसत्या सुती कापडावर सुईचं भोक आपोआप मिटतं, रंगाच्या जाड पापुद्र्यावर ते मिटत नाही. तिथे टाका उसवलात की भोक तसंच दिसत राहतं. त्यामुळे टाक्याची जागा पेन्सिलीने आधीच ठरवा.

रंग आधी, टाका नंतर. उलट केलंत तर दोरा रंग शोषून कडक होतो, त्याची चमक जाते. रंग 24 तास वाळू द्या. मग उलट बाजूने, वाफ न सोडता, तीन-चार मिनिटं इस्त्री फिरवा. इस्त्री टाके घालण्यापूर्वीच करायची, नंतर केली तर गाठीचे टाके चपटे होतात.

भरताना दोन पदरांना नऊ नंबरची सुई. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत, साधारण 45 सेंटिमीटर. लांब घेतलात तर रंगाच्या खरखरीवर घासून तो पिंजतो. कापड ताणून धरणाऱ्या रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा आणि रात्री कापड रिंगमधून काढून ठेवा, नाहीतर रंगावर गोल वळ उठतो. टाका ओढून घट्ट करू नका, कापडाला चुण्या पडतात आणि रंगवलेल्या भागावर त्या इस्त्रीनेही नीट जात नाहीत.

लाल आणि मरून दोरा वापरण्याआधी ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. डाग उठला तर तो दोरा या कामाला नको. काम धुवायचंच असेल तर रंगवल्यापासून 72 तास जाऊ द्या. थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं.

नमस्कार.