दंडावरची देवी

श्रोतेहो, नमस्कार.

'शेजारच्या पोराला देवी आल्या होत्या', असं माझी आजी सांगायची. आणि त्याच दमात, 'तुझ्या बापाच्या देवी मी काढून आणल्या', असंही. लहानपणी माझा पार गोंधळ उडायचा. आलेली देवी म्हणजे आजार, काढलेली देवी म्हणजे लस, आणि जिला थंड नैवेद्य दाखवायचा ती शितळादेवी. तिचं देऊळ माहीमला आहे, अलिबागजवळ चौललाही आहे. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचे डहाळे लागायचे आणि रोग्याचा उल्लेखसुद्धा दबक्या आवाजात व्हायचा.

कारण भीतीच तशी होती. व्हेरिओला नावाचा विषाणू रोग्याच्या श्वासातून, खोकल्यातून, त्याच्या अंथरुणा-पांघरुणातूनही पसरायचा. शरीरात शिरल्यावर दहा-बारा दिवस काहीच कळायचं नाही. मग एकदम फणफणून ताप, कंबर मोडल्यासारखं दुखणं, ओकाऱ्या. दोन-तीन दिवसांनी ताप जरा उतरायचा, घरच्यांना हायसं वाटायचं, आणि नेमके तेव्हाच तोंडात आणि चेहऱ्यावर फोड दिसू लागायचे. कांजिण्या अंगभर, छाती-पाठीवर जास्त. देवीचे फोड मात्र चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, अगदी तळहात-तळपायांवरसुद्धा. सगळे एकाच वेळी पिकणारे, आणि बोट फिरवलं तर कातडीत छर्रे रुतल्यासारखे लागणारे. त्याच्या तीव्र प्रकारात दहापैकी तीन माणसं दगावत. वाचलेल्यांना वण राहत, कुणाचे डोळे जात. महाराजा रणजितसिंहांचा डावा डोळा लहानपणी देवीनेच नेला.

या आजारावर औषध नव्हतं, पण एकदा झाला की पुन्हा होत नाही, हे लोकांनी कधीच ओळखलं होतं. बंगालमधले टीकादार रोग्याच्या फोडातला पू धडधाकट माणसाच्या कातडीत थोडासा टोचत. उपाय धोक्याचा, पण बहुतेकांना तरून नेणारा. पुढे इंग्लंडमध्ये एडवर्ड जेनर यांनी 14 मे 1796 रोजी एका आठ वर्षांच्या मुलाला गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या सौम्य देवीच्या, फोडातला द्रव टोचला. त्या मुलाला पुढे देवीचा पू मुद्दाम टोचला, तरी देवी आल्या नाहीत. आज असा प्रयोग कुणी केला तर तुरुंगात जाईल, ते असो.

ही लस हिंदुस्थानात आणायची कशी? बर्फ नाही, शीतपेटी नाही, वाटेतल्या उन्हात ती मरायची. मग दंडावरून दंडावर आणली. एकाला टोचायचं, आठवडाभराने त्याचा फोड भरला की त्यातलं पाणी पुढच्याला. बगदाद, बसरा करत ती मुंबईच्या बंदरात उतरली. 14 जून 1802 ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी देवी. तिच्या दंडावरून ती पुढच्या मुलांना गेली. आपला 'लस' हा शब्दही मुळात जखमेतून पाझरणाऱ्या पाण्याचाच आहे, हे इथे आठवतं.

तरी रोग हटायला पावणेदोनशे वर्षं लागली. 1974 साली भारतात 1 लाख 88 हजार रुग्ण होते, 31 हजारांवर माणसं गेली. तोवर सगळ्यांनाच टोचत सुटण्याचा हट्ट मागे पडला होता. आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या मुलाचा फोटो असलेलं कार्ड घेऊन दारोदार फिरत, 'असं कुणी आहे का?' असं विचारत. रोगी सापडला की त्याला वेगळं ठेवायचं आणि भोवतालच्या सगळ्यांना टोचायचं. सुई दोन टोकांची, त्या बेचक्यात लसीचा एक थेंब अडकायचा, दंडावर भराभर पंधरा टोचे. रोगी कळवणाऱ्याला बक्षीस होतं, शेवटी ते हजार रुपयांवर गेलं. देवी माणसाखेरीज कुठल्याच प्राण्यात मुक्काम करत नाही, म्हणून हे जमलं. मे 1975 नंतर भारतात रोगी सापडला नाही. 1977 साली सोमालियात एका इस्पितळातल्या स्वयंपाक्याला देवी आल्या, नैसर्गिकरीत्या लागण झालेला तो शेवटचा रोगी. तो वाचला. 8 मे 1980 ला जग देवीमुक्त जाहीर झालं.

आता विषाणू उरलाय तो अमेरिकेतल्या आणि रशियातल्या एकेका प्रयोगशाळेत, कुलपाआड. आणि तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातावर त्या टोचण्याचा खोलगट वण. पन्नाशीच्या आतले कुणी आपल्या दंडावरचा वण दाखवून 'ही बघा देवी' म्हणाले, तर तो बहुतेक क्षयाच्या लसीचा असतो.

नमस्कार.