फाट्यापासून पुढं

नांदेडहून हैदराबादला निघालं की देगलूर लागतं, आणि तिथून थोडं पुढं मदनूर, म्हणजे तेलंगणा आलंच. हायवे क्रमांक 161. पण आपण हायवेनं नाही जायचं, आपण फाट्यावर उतरू, कारण एसटी पण माणसाला इथंच सोडते, पुढं वाडीपर्यंत पक्का रस्ताच नाही, काळ्या रानातनं चालत.

ही माती बघा. सोयाबीन-कापसाला सोनं, पण रस्त्याची वैरी, पावसात फुगते न् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळं वरवर डांबर मारून इथं भागत नाही, खालचा भराव, मुरमाचा थर, दोन्ही बाजूनं नाल्या असं सगळं करावं लागतं, आणि मग खर्च वाढतोच.

मग पैसा कुठून येतो? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, 25 डिसेंबर 2000 ला सुरू झालेली. आता आपल्याकडं केंद्राचे 60 टक्के न् राज्याचे 40. सप्टेंबर 2024 मध्ये चौथा टप्पा मंजूर झाला, देशभरात 25,000 वस्त्या, 62,500 किलोमीटर, 70,125 कोटी. आकडा मोठाय, पण अट ऐका. मैदानी भागात वस्ती 500 माणसांची पाहिजे, आणि ती मोजायची 2011 च्या जनगणनेवर! ती माणसं मोजली फेब्रुवारीत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, जेव्हा तांड्यावरची कितीतरी घरं कुलूप लावून फडावर गेलेली असतात. म्हणजे जे लोक पोटासाठी बाहेर पडले तेच रस्त्याच्या हिशोबातून सुटायची भीती.

धाराशिव आकांक्षित जिल्हा आहे, म्हणजे केंद्रानं मागास म्हणून निवडलेला, म्हणून उमरग्याकडं कर्नाटकच्या हद्दीला 250 माणसांची वस्ती पण योजनेत बसते. चांगलंच झालं. पण देगलूर-बिलोलीच्या 300 माणसांच्या वाडीनं काय पाप केलंय, चिखल तर तोच आहे ना?

2018 ला नांदेडच्याच, तेलंगणाच्या हद्दीवरच्या धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी आम्हाला तेलंगणात जाऊ द्या अशी मागणी केली होती. कोणाला हौस नसते हो राज्य सोडायची. सोयरीक पलीकडं, बाजार पलीकडं, आणि पलीकडच्या सोयी रोज डोळ्यासमोर, मग माणूस बोलणारच.

आणि रस्ता मिळाला तरी सोडून देऊ नका. या योजनेत 5 वर्षं देखभाल ठेकेदाराकडंच असते, खड्डा पडला की फोटो काढून मेरी सडक या तक्रारीच्या सरकारी ॲपवर टाका.

आता संध्याकाळची एसटी आलीय. शाळेची लेकरं उतरतायत, चपला हातात घेतायत, दप्तर डोक्यावर, आणि चालायला लागलीत वाडीकडं.