सायकल आणि रस्त्याची कडा

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीत कामाला सायकलने जाणाऱ्याला लोक आधी विचारतात, "स्कूटर बिघडली काय?" मग विचारतात, "डॉक्टरने सांगितलं?" हौसेने कुणी सायकल मारत कचेरीत येईल, हे पटतच नाही. रस्ते आखणाऱ्यांनाही पटत नसावं. 2019 मध्ये मांडवीवरचा अटल सेतू सुरू झाला, पण दुचाकींना तो बंद. पर्वरीहून येणाऱ्या सायकलवाल्याने जुन्या पुलावर बसगाड्यांच्या संगतीने यायचं. त्याच्या वाट्याला रस्त्याची कडा, आणि वाळू, खडी, फुटक्या बाटल्या सगळं त्या कडेलाच.

त्यापेक्षा पणजीशेजारच्या रायबंदरचा कॉजवे बरा. 1634 सालचा, सुमारे 3 किलोमीटर, चढ नावाला नाही. आणि रायबंदर म्हटलं की मला तो पदेर, म्हणजे पाववाला, आठवतो.

संध्याकाळची वेळ. पुढे सायकलवर पदेर, मागे पावांची टोपली, वर निळं प्लॅस्टिक. त्याच्यामागे पर्यटकाची भाड्याची मोटार, काळ्या पाटीवर पिवळे आकडे. तिच्यामागे मी. तिथला रस्ता तुम्हाला ठाऊक आहे, बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून पाय लांब केले तर रस्त्यातच येतात. मोटारवाल्याने हॉर्न दिला. पदेर निवांत. पुन्हा हॉर्न. तर तो पदेराचाच भोंपू समजून एका घरातून आजी पिशवी घेऊन बाहेर! समोरून एक वहिनी, मुठीत सुटे पैसे. गिऱ्हाईक आलं म्हणून पदेर थांबला, म्हणून मोटार थांबली. मोटारवाल्याने चिडून हॉर्न दाबून धरला, तशी आणखी दोन दारं उघडली. आजीने मोटारवाल्याच्या काचेवर टकटक करून पाव मागितले, "उंडे आसात?" पदेर मागे न बघता म्हणाला, "ताचेकडेन ना गे, म्हजेकडेन आसात." शेवटी तो मोटारवालाही उतरला आणि पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, घेऊन गेला. पोईसुद्धा हल्ली काय, तळहाताएवढी झालीय, आणि भाव वाढतोच आहे. ते असो.

पदेराला वाट मिळते, कारण तो कडेला अंग चोरून जात नाही. आपण कडेला चिकटतो आणि कुणाला दिसत नाही. तेव्हा कडेपासून हातभर आत चालवा. पुन्हा सांगतो, हातभर आत. पणजीत 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर उभ्या मोटारींपासून दार उघडेल एवढं अंतर सोडा. तिथे फुटपाथवरही स्कूटर लावतात, चालणाऱ्यांनी काय उडत जायचं? पावसात रिम ओली असते, ब्रेक नेहमीपेक्षा आधी दाबा.

आणि कचेरीच्या साहेबांना एक विनंती. तुमच्या गाडीवर छप्पर आहे, तसं चार सायकलींवर घाला. घामाचा शर्ट बदलायला एक खोली, हात-तोंड धुवायला एक नळ, एवढं पुरे. मात्र जूनच्या आत करा.