लष्करी करारातून नेमकं पदरात काय पडतं

लष्करी युतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, उद्या युद्ध झालं तर हे मित्र खरंच येतील का? मला वाटतं त्याच्याही आधी विचारायला हवं की दोघांना धोका एकाच बाजूने वाटतोय का. तसं नसेल तर सही कितीही मोठ्या माणसाची असो, ऐन वेळी ती कामाला येत नाही.

पाकिस्तानचंच बघा. १९५४ मध्ये मनिलात सिएटो हा आग्नेय आशियासाठीचा लष्करी करार झाला, पाकिस्तान त्यात शिरला तो भारताकडे बघून आणि अमेरिकेने तो घडवून आणला कम्युनिस्टांकडे बघून. बरं हे लपूनछपून पण नव्हतं, अमेरिकेने करारातच लिहून ठेवलं होतं की आमची बांधिलकी फक्त कम्युनिस्ट आक्रमणापुरती. शस्त्रं मिळाली, पॅटन रणगाडे आले, सेबर विमानं आली, पण १९६५ ला युद्ध पेटल्यावर अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत बंद केली आणि फटका जास्त बसला पाकिस्तानला, कारण त्यांचं बरंचसं सामान तिकडचंच होतं, सुटे भाग आणणार कुठून?

आणि ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार काढून वाचा. सैन्य पाठवू असं त्यात कुठेच नाही. नवव्या कलमात एवढंच की हल्ला झाला किंवा धोका दिसला तर ताबडतोब सल्लामसलत करू. वाचायला अगदी मिळमिळीत. पण डिसेंबरात बांगलादेशच्या युद्धात सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव यायला लागले तेव्हा सोव्हिएत युनियनने ते व्हेटो करून अडवले आणि ढाक्यापर्यंत पोचायला जे दिवस लागणार होते ते मिळाले. भारताला तेव्हा रशियन सैनिक नकोच होते, दिवस हवे होते, आणि नेमके तेच मिळाले.

नाटोचं कलम ५ लोकांना पाठ असतं, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पण त्याच्या पुढचं कोणी वाचत नाही, तिथे लिहिलंय की प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई करेल. म्हणजे निर्णय ज्याचा त्याच्याकडेच. मग शत्रू घाबरतो कशाला? तर तयारीला. एकत्र सराव, एकच कमांड, सगळ्यांच्या तोफांचं ठरलेलं माप १५५ मिमी, हे सगळं शांततेच्या काळात वर्षानुवर्षं करावं लागतं, हल्ला झाल्यावर सुरू करून जमत नाही. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ नंतर, आणि तेव्हा नाटोची टेहळणी विमानं अमेरिकेच्या आकाशात पहारा देत होती, बलाढ्य देशालाही मित्र लागले.

फिनलंड तर मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. १९३९ ला सोव्हिएत फौजांशी जवळपास एकट्याने लढलेला देश, पुढे कित्येक दशकं युतीपासून लांब राहिला, रशियाशी सांभाळून वागला. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर मोठा हल्ला केला, ज्या युक्रेनला अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडममध्ये आश्वासनं होती पण संरक्षणाची हमी नव्हती, आणि फिनलंडने त्याच वर्षी नाटोसाठी अर्ज केला, ४ एप्रिल २०२३ ला सदस्य झाला. रशियाशी तेराशे किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या देशाला आश्वासन आणि हमी यातला फरक कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

किंमत मात्र मोजावी लागते, दुसऱ्याच्या भांडणात ओढलं जायची भीती असते, आपला निर्णय आपल्या हातात राहील का ही धाकधूक असते. पण ती किंमत किती हे घासाघीस करून ठरवता येतं आणि ते फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष द गॉल यांनी करून दाखवलं. १९६६ मध्ये फ्रान्स नाटोच्या संयुक्त कमांडमधून बाहेर पडला, परदेशी सैन्याला देश सोडायला सांगितलं, नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला हलवावं लागलं. मूळ करार मात्र त्यांनी सोडला नाही, कलम ५ चं संरक्षण चालूच राहिलं, आणि कमांडमध्ये फ्रान्स परत आला तो थेट २००९ मध्ये.